जमवून ठेवलेले चार निरोप

मी फटकळ बाई आहे. आमच्या खाडीकाठच्या गावात सगळ्याच बायका फटकळ, पण ‘आमची बाय त्यातही दोन पावलं पुढं हाय’ असं बाबा चारचौघांत सांगायचे. तेव्हा ही हकीकत मी गोड करून सांगणार नाही. गोड करून सांगायचा उद्योग मी दोन वर्षं केलेला आहे आणि त्याचं पुढे काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रोह्याला एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होते. गाव पेणजवळ. सकाळी गावातून पेण स्टँड, तिथून रोहा गाडी, मग वडखळ, नागोठणे करत सव्वा-दीड तास. त्याच कंपनीत माझा मोठा भाऊ प्लांटवर ऑपरेटर होता. त्याच्या शिफ्ट बदलत्या, म्हणून त्याने रोह्यालाच खोली घेतली होती. घरी बाबा आणि मी. आई आम्ही शाळेत असतानाच गेली. बाबा उन्हाळ्यात मिठागरावर आणि पावसाळ्यात आमच्या खारीतल्या भातावर. खारजमीन म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली जमीन. तो बांध आहे तोवर भात आहे.

बापलेकांचं बिनसलं ते त्या बांधावरूनच. एका श्रावणात उधाणाच्या भरतीला बांध फुटला. आमच्याकडे म्हणतात खांड गेली. खांड गेली की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन धावतो, हा गावाचा रिवाज. कोणी बोलावणं करत नाही आणि कोणी दांडीही मारत नाही. त्या दिवशी दादाची शिफ्ट संपली होती, पण त्याच्या जागी येणारा माणूस आला नाही आणि प्लांट सोडून निघता येत नाही, म्हणून तो अडकला. बाबा साठीचे, गुडघे गेलेले, कमरेएवढ्या चिखलात स्वतः उतरले. दिवसभर. वर बांधावर कोणीतरी बोललंच, ‘पोरगा कंपनीचा झाला रे तुझा!’ झालं. दादा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हापासून अबोला. म्हणजे दादा सुट्टीला यायचा, गणपतीत आरतीला उभा राहायचा, एकाच पंगतीत जेवायचा, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत. ‘त्याला सांग, जेवाला बस.’ ‘बाबांना सांग, गोळ्या आणल्यात.’ तीन हातांवर बसलेली दोन माणसं, आणि मध्ये मी! सुरुवातीला मला हसू यायचं, मग वैताग यायला लागला, आणि मग मी हळूच त्यात पदरचं घालायला लागले. बाबा म्हणायचे, ‘त्याला सांग, दार लावून जा.’ मी सांगायची, ‘बाबा म्हणतायत, वारा फार आहे, जपून जा.’ दादा म्हणायचा, ‘ठीक आहे म्हणावं.’ मी बाबांना सांगायची, ‘पुढच्या रविवारी लवकर येतो म्हणाला.’ अर्धवट, कोरडं काही मी पुढे जाऊच द्यायची नाही. पुरतं जमलं, गोड झालं, की मगच पोचवायची. मला वाटायचं, किती शहाणी मी.

आता कंपनीतलं सांगते. प्लांटवर कामगाराला घरून फोन आला तर तो गेटवरच्या टेलिफोनवाल्या बाई घेत. त्या चिठ्ठी लिहीत आणि एक जुने शिपाई सायकलवर ती आत नेऊन देत. त्या शिपायांचा एक नेम होता. चिठ्ठी हातात पडली की निघायचं. चार जमल्या की एक फेरी मारू, असा हिशेब नाही. बाई म्हणायच्या, ‘अहो थांबा, अजून एक येतेय.’ ते म्हणायचे, ‘ती आली का परत येतो,’ आणि पायडल मारायचे.

मला नवीन शिकलेलं दाखवायची खाज. मी कंपनीच्या आतल्या जाळ्यावर निरोपांचं एक वेब पान बनवलं. प्लांटच्या कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर शिफ्टच्या सुरुवातीला ते पान उघडायचा आणि ते पान शिफ्टभर संपायचंच नाही. सर्व्हर ते उघडंच ठेवायचा. बाईंनी गेटवर निरोप टाइप केला की तेवढी ओळ लगेच पलीकडे पडद्यावर उमटायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. शिफ्ट संपली की सर्व्हर पान पूर्ण करायचा आणि पुढच्या शिफ्टचं नवं सुरू व्हायचं. मधली लाइन तुटू नये म्हणून दर मिनिटाला एक रिकामी ओळ पाठवायची सोयही मी केली होती. सगळे खूश! मीच साहेबांना सुचवलं की आता चिठ्ठ्यांची फेरी कशाला. शिपायांची सायकल स्टोअरच्या भिंतीला लागली.

एकच गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथेच अडलं. प्लांटमधला कॉम्प्युटर थेट माझ्या सर्व्हरशी बोलत नव्हता. मध्ये एक कॉम्प्युटर होता, त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. तो दारावर बसतो. बाहेरच्याने मागितलं की तो आतल्या सर्व्हरकडून आणतो आणि बाहेर देतो. बाहेरच्याला वाटतं, हाच देणारा. आता हा दारावरचा दोन तऱ्हांनी वागू शकतो. आतून जसजसं येईल तसतसं पुढे सोडायचं, त्या शिपायांसारखं. नाहीतर आतून सगळं येईपर्यंत स्वतःजवळ जमवायचं आणि पुरं झालं की एकदम द्यायचं. जमवण्यातही फायदा असतो, उगाच नाही कोणी करत. पलीकडची लाइन मंद असली तरी आतला सर्व्हर लवकर मोकळा होतो, आणि पाहणाऱ्याला पान अर्धवट दिसत नाही.

अर्धवट पानाचाच साहेबांना राग. त्यांचा उत्पादनाचा रिपोर्ट पडद्यावर तुकड्या-तुकड्याने यायचा, आधी मथळा, मग दोन ओळी, मग बराच वेळ काही नाही. वरचे लोक बघायला येणार होते. साहेब म्हणाले, ‘हे काय हप्त्याहप्त्याने? पूर्ण तयार झाल्याशिवाय दाखवूच नका.’ मी म्हटलं, त्यात काय, दोन मिनिटांचं काम. संध्याकाळची पेणची गाडी पकडायची होती. प्रॉक्सीच्या फाइलमध्ये ‘सगळं जमवून मग द्या’ अशी ओळ लिहिली. ती फक्त रिपोर्टच्या पानाखाली लिहायची होती. मी ती सगळ्यात वर लिहिली, म्हणजे सगळ्या पानांना लागू झाली. रिपोर्ट उघडून पाहिला, झोकात एकदम आला. निरोपाचं पान उघडून पाहिलं नाही. पर्स उचलली आणि निघाले. गाडी मिळाली याचा आनंद झालेला मला अजून आठवतो, आणि त्या आनंदाची आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दम लागला. मार्च होता, मिठागरावर जायची त्यांची तयारी चालली होती आणि दारातच खाली बसले. शेजारच्या काकांनी टेम्पो काढला, पेणच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी नळ्या लावल्या, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, हृदय थकलं आहे, आणखी कोण असेल त्यांना बोलावून घ्या.

दादाची पहिली शिफ्ट होती, सात ते तीन. दवाखान्यासमोरच्या बूथवरून मी गेटला फोन लावला. साडेनऊ झाले होते. ‘बाबांना दम लागलाय, पेणला दवाखान्यात आणलंय, निघून ये.’ बाई म्हणाल्या, ‘टाकला बघ. गेला.’ मला इतका धीर आला! सायकल नाही, फेरी नाही, माझंच पान. एव्हाना त्याने वाचलंही असेल. सव्वादहाला परत केला, ‘डॉक्टर म्हणतात उशीर करू नको.’ बाई म्हणाल्या, ‘गो, लगेच टाकला, काळजी नको करूस.’ पावणेबाराला, अजून निघाला नसलाच तर म्हणून, तिसरा, ‘बाबा तुला विचारतायत.’ बाईंनाही वाटलं असणार की हा निघालाय आणि वाटेत आहे. मलाही तेच वाटलं. त्या बिचाऱ्या तरी काय करणार, त्यांच्या पडद्यावर तिन्ही निरोप गेलेले दिसत होते.

तिसरा फोन करून मी आत आले तेव्हा बाबांनी हात हलवून मला जवळ बोलावलं. घशात घरघर होती. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

‘बाय, दादाला सांग,’ ते म्हणाले. मग दम खाल्ला. ‘त्या खांडीच्या दिवशी मी...’

अन् मी काय केलं? मी त्यांच्या तोंडावर बोट ठेवलं. लहान पोराला गप्प करतात तसं. ‘बोलू नका हो बाबा, दम लागतोय ना. दादा निघालाय. वडखळपर्यंत आला असेल. आला की त्यालाच सांगा ना, सगळं एकदम सांगा.’

‘येतोय?’ त्यांनी विचारलं.

‘व्हय, येतोय.’

त्यांनी मान हलवली आणि गप्प राहिले. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाचं ऐकलं नाही, त्याने माझं तेवढं ऐकलं. दोन वर्षं सगळे निरोप माझ्याजवळ देणारा बाप, हा मात्र त्याने स्वतःजवळ ठेवला, कारण मी ठेवा म्हटलं. दाराकडे बघत राहिले. दार वाजलं की डोळे उघडायचे. नर्स यायची, काका यायचे, कोणीतरी खाट चुकून आत डोकावायचं, आणि डोळे परत मिटायचे. एकच्या आधी पाच-सात मिनिटं ते गेले. पुढचा शब्द काही निघाला नाही.

मी परत बूथवर गेले. दादाचा पत्ता नव्हता, म्हणजे अजून प्लांटवरच अडकला असेल असं आता वाटायला लागलं होतं. आमच्याकडे वाटेला लागणाऱ्या माणसाला मेल्याची बातमी देत नाहीत. रस्त्यात त्याचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून सांगतात, सांभाळून ये. ऐकणाऱ्यालाही ते बरोबर समजतं, पण तो आशा धरून घरापर्यंत पोचतो. मीही तेच सांगितलं. ‘घाई करू नको म्हणावं. सांभाळून ये.’ बाई हळूच म्हणाल्या, ‘टाकते गो.’

दादा पाचला आला. धावत नाही, चालत आला. व्हरांड्यात त्याला पाहिलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले त्याच्यावर, सगळ्यांसमोर. ‘सकाळपासून चार निरोप पाठवले! मेलं इतकं काय सोनं पिकतं तुझ्या प्लांटात? तेव्हाही आला नाहीस आणि आजही आला नाहीस!’ तो आत गेला, बाबांच्या पायाशी उभा राहिला. मग मागे वळून एवढंच विचारलं, ‘काय बोलले?’ मी म्हटलं, ‘बोलायला दम कुठे होता त्यांना.’ रागाने म्हटलं. त्याला काही द्यायचंच नव्हतं मला.

तेराव्यानंतर मी कामावर गेले तेव्हा कळलं की टेलिफोनवाल्या बाईंकडून लेखी खुलासा मागितलाय. निरोप वेळेवर दिला नाही म्हणून. त्या दिवसापासून माझं पान बंद होतं आणि चिठ्ठ्या परत सायकलवरून जात होत्या. दादाने तक्रार केली नव्हती, त्याच्या शिफ्टच्या लोकांनी केली होती. त्यांनीच मला सांगितलं. सकाळपासून पडद्यावर एकही निरोप नव्हता. वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह फिरत होतं, पण ते रोजच फिरायचं, पान उघडं असायचं ना. सगळ्यांना वाटलं, आज कुणाच्या घरून फोन नाही. तीनला दादा पुढच्या माणसाला चार्ज देत होता आणि पडद्यावर सगळं एकदम आलं. चारही निरोप एकाखाली एक. दम लागलाय. उशीर करू नको. तुला विचारतायत. सांभाळून ये. दादाने ते उभ्या-उभ्या वाचले आणि म्हणे खुर्चीचा हात धरून खाली बसला.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी फाइल उघडली. माझीच ओळ, सगळ्यात वर. साडेनऊपासून एकेक निरोप सर्व्हरने इमानाने पुढे दिला होता, आणि दारावरच्याने, मी सांगितलं म्हणून, पान पुरं होण्याची वाट बघत ते जमवून ठेवले होते. त्याची जमवायची जागा भरली असती तर आपोआप पुढे गेले असते. पण चार निरोप म्हणजे किती? पोस्टकार्डभरसुद्धा नाही. बापाचा जीव जाण्याइतका मजकूर, आणि तो इतका थोडा! साडेनऊला निघाला असता तर दादा अकराला दवाखान्यात असता. दोघांना जवळजवळ दोन तास मिळाले असते. मी ती ओळ काढून रिपोर्टखाली लिहिली, जिथे लिहायची होती तिथे. दोन मिनिटंच लागली.

साहेबांना जाऊन सांगितलं की चूक माझी, बाईंची नाही. ते चुकचुकले आणि ‘होतं असं’ म्हणाले. डोंबल होतं असं! त्यांच्यापेक्षा शिपाईबाबा बरे. स्टोअरबाहेर भेटले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तिथे भिंतीला टेकून रडले.

त्याच दुपारी शिफ्ट सुटल्यावर दादाच्या खोलीवर गेले. तो स्टोव्हवर चहा ठेवत होता. मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगितलं. साहेबांचा रिपोर्ट, ती ओळ, गाडी पकडायची घाई, सगळं.

‘म्हणजे बाईंनी पाठवले होते,’ तो म्हणाला.

‘व्हय.’

‘आणि ते तू अडवलेस.’

‘व्हय. आणि मी तुला दवाखान्यात नाय नाय ते बोलले.’

त्याने स्टोव्ह बंद केला. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. पण तो पाठमोराच राहिला. मग मी ते दुसरंही सांगितलं, जे त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. बाबा बोलत होते. दादाला सांग, म्हणाले. त्या खांडीच्या दिवशी मी, एवढं म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडावर बोट ठेवलं.

तो वळला. ‘मी काय?’

‘पुढचं नाय आलं.’

‘मी चिडलो? मी उगाच चिडलो? मी वाट बघितली?’ तो एकेक शब्द पुढे ठेवत गेला. ‘आवाज कसा होता? रागाचा होता का?’

‘दम लागला होता रे. नाय कळलं.’

तो माझ्यासमोर येऊन खाली जमिनीवर बसला. प्लांटवरचा निळा ड्रेस अजून अंगातच होता. म्हणाला, ‘बाय, एक सांगू? तू पदरचं घालतेस, ते मना पहिल्यापासून ठाव हाय. वारा हाय, जपून जा, असं बाबा कधी म्हणतील व्हय? पण मना बरं वाटायचं. मी तेच खरं धरून रोह्याला यायचो.’ त्याने डोळे पुसले. ‘आज पण घाल गो. शेवटचं. तू सांगशील ते मी खरं मानीन.’

मी तोंड उघडलं. मनात म्हटलं, एवढं दे त्याला. ‘मी उगाच चिडलो,’ तीन शब्द. नाहीतर ‘मी तुझी वाट बघत होतो.’ दोन वर्षं मी याहून मोठमोठे निरोप रचले होते, चुलीपुढे भाकरी थापता-थापता रचले होते. पण डोळ्यांपुढे बाबा येत होते, दाराकडे बघणारे, आणि ते वाक्य त्यांचं होतं. मला ते पुरं करता येईना.

‘त्या खांडीच्या दिवशी मी,’ मी म्हटलं.

‘त्या खांडीच्या दिवशी मी,’ दादा माझ्यामागून म्हणाला, आणि पुढच्या शब्दासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिला.